मुंग्यांच्या दारातला कचरा

कोल्हापूरला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली माणसं तीन प्रश्न विचारतात. देवीचं दर्शन झालं का, रस्सा कुठे खाल्ला आणि चप्पल केवढ्याला पडली. माझ्याकडे तिन्हींची उत्तरं नाहीत. मी चार दिवस कोल्हापूर जिल्ह्यात होतो आणि त्यातला बराचसा वेळ जमिनीतल्या एका भोकाकडे बघत उकिडवा बसलो होतो. भोक करंगळी जाईल एवढं. परत आल्यावर बायकोने फोटो मागितले, तेव्हा मी तिला त्या भोकाचे सत्तावीस फोटो दाखवले. तिने ते शांतपणे पाहिले आणि डॉक्टरांची वेळ घेऊ का, असं विचारलं.

जे तिकडे गेलेले नाहीत आणि भोक बघायला कधी जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी माझी योग्यता सांगतो. मी आमच्या सोसायटीचा गेली सात वर्षं बिनविरोध अध्यक्ष आहे. बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभं राहत नाही. माझा खास विषय कचरा. ओल्यासाठी हिरवा डबा, सुक्यासाठी निळा डबा ही योजना मी आणली, फीत कापून तिचं उद्घाटन केलं, पेढे वाटले. त्या दिवशी पेढ्यांचे कागद हिरव्या डब्यात पडले आणि उरलेले पेढे निळ्यात. तेव्हापासून मी सभेत न चुकता अर्धा तास बोलतो, लोक न चुकता माना डोलावतात आणि घरी जाऊन सगळं एकाच पिशवीत भरतात.

हे सगळं मधूला ठाऊक होतं. मधू म्हणजे कॉलेजात असताना माझा रूममेट. पेठ वडगावला परत जाऊन शाळेत विज्ञान शिकवण्यात त्याने आयुष्य घालवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर मुंग्या बघायला लागला. दिवाळी झाली आणि त्याचा फोन आला. घरासमोरच्या खळ्यातलं मुंग्यांचं एक बीळ तो अकरा वर्षं रोज बघतो आहे, त्याच्या वह्या आहेत, आणि येत्या शुक्रवारी पुतण्या त्यावर डंपरभर वाळू ओतून फरशा बसवणार आहे. मोठ्या भावासमोर आपलं तोंड उघडत नाही, असं म्हणाला. तू सभा जिंकतोस, तर चार दिवस ये. मी सभा जिंकतो ही अफवा मीच पसरवलेली असल्यामुळे मला जावं लागलं.

मंगळवार, पेठ वडगाव

पुण्याहून वाठारच्या फाट्यापर्यंतच्या रस्त्याचं काम चालू आहे, एवढंच सांगतो. फाट्यावर मधू स्कूटर घेऊन उभा होता. वडगावच्या बाहेर, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये घर. दारातच त्याचे थोरले बंधू आबा उभे होते. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा आणि शेजारच्या रानातल्या माणसाशी बोलतोय असा आवाज.

"या पावणं. मुंग्या बघायला आलाय म्हणं?" आबा म्हणाले. "आमच्याकडं माणसं बघायला कोण येत न्हाय, बरं झालं."

पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी माझी नोकरी, पेन्शन, मुलगा काय करतो आणि साखर आहे का हे विचारून घेतलं. साखर म्हणजे रक्तातली. पुण्यात शेजाऱ्याच्या या चार गोष्टी कळायला आम्हाला वीस वर्षं लागतात आणि मग तो फ्लॅट विकून जातो.

वारूळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मातीचा डोंगर होता. मधूने मला अंगणापलीकडच्या खळ्यात नेलं. पूर्वी इथे मळणी व्हायची, आता यंत्र थेट रानातच मळून देतं, त्यामुळे खळं रिकामं. जनावरांच्या पाण्याच्या टाकीपाशी तो थांबला आणि बोट दाखवलं. भोक. भोकाभोवती बारीक खड्यांचं कडं आणि हातभर अंतरावर कोंड्याचा एक लहानसा ढीग. मी विचारलं, बाकीचं कुठे आहे. तो म्हणाला, बस.

बसलो. थोड्या वेळाने दिसायला लागलं. तांबूस काळ्या मुंग्या, काही अगदी बारक्या, काही मोठ्या डोक्याच्या, रानातून रांगेने बी आणत होत्या. गवताचं बी, नाचणी, कुठे एखादी तांदळाची कणी. ते आत जात होतं. आत ते सोललं जातं, दाणा कोठारात ठेवला जातो आणि फोलपट परत वर येतं. एक मुंगी आपल्याएवढं फोलपट घेऊन भोकातून बाहेर आली, हातभर चालली, ढिगावर नेऊन टाकलं आणि परत आत गेली. वाटेत टाकलं नाही, शेजाऱ्याच्या दारात सरकवलं नाही. माझ्या सात वर्षांच्या कारकिर्दीत हे दृश्य मी प्रथमच पाहत होतो.

मी विचारलं, यांचा अध्यक्ष कोण. मधू म्हणाला, कुणी नाही. राणी आहे, पण ती हुकूम देत नाही, जन्मभर अंधारात बसून अंडी घालते. म्हणजे त्या पदावर बसून खरंच काम करणारी मला माहीत असलेली ती एकटीच. बाकी कामं वासावर आणि भेटीगाठींवर चालतात. सकाळी आधी काही टेहळ्या मुंग्या बाहेर पडतात, फिरून सुखरूप परत येतात, त्यांच्या मिशांना मिशा लावल्यावरच दाणेवाल्या निघतात. टेहळ्या आल्या नाहीत तर त्या दिवशी कुणी बाहेर पडत नाही. सभा नाही, सूचना नाही, अनुमोदन नाही, आयत्या वेळचे विषय नाहीत. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

कामाची वाटणी वयावर आहे. तरुण मुंग्या आत राहून पिल्लं सांभाळतात, मग कोठारात जातात आणि म्हातारपणी बाहेर पडतात. उन्हातलं, पाखरांच्या चोचीखालचं धोक्याचं काम म्हाताऱ्यांनी करायचं, कारण त्यांचं थोडंच उरलेलं असतं. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांना बाकडी देतात. शिवाय बिळात पुष्कळशा मुंग्या काहीच करत नाहीत, नुसत्या पडून असतात. हे ऐकून मला जीवशास्त्राविषयी प्रथमच आपुलकी वाटली. मधूच्या मते त्या राखीव असतात, संकट आलं की उठतात. आमच्या सोसायटीतल्या अशा सभासदांवर संकट अजून यायचं आहे.

मेलेल्यांचीही व्यवस्था आहे. मुंगी मेली की लगेच कुणाला कळत नाही, बाकीच्या तिच्यावरून येजा करतात. एकदोन दिवसांनी तिला एक विशिष्ट वास सुटतो, मग कुणीतरी तिला उचलून बाहेर ढिगावर नेऊन ठेवते. कुणी तरी म्हणे तो वास जिवंत मुंगीला लावून पाहिला होता. ती पाय झाडत होती तरी तिला उचलून कचऱ्यात टाकण्यात आलं, आणि अंग चाटून पुसून स्वच्छ केल्याशिवाय तिला आत घेतलं नाही.

रात्री जेवायला भाकरी, झुणका, म्हशीचं घट्ट दही आणि वाटीत हिरवी चटणी. पुण्यात चटणी भाकरीला लावून खातात, तशी मी लावली. ती चटणी नव्हती, खर्डा होता, म्हणजे नुसत्या हिरव्या मिरच्यांचा ठेचा. डोळ्यांतलं पाणी थांबून मला दिसायला लागेपर्यंत आबांच्या मालकिणीने, म्हणजे बायकोने, दह्याची दुसरी वाटी पुढे ठेवली होती आणि आबा विचारत होते की पुण्यात तिखट मिळत न्हाय व्हय.

जेवणानंतर मी विषय काढला. माझी पद्धत आहे, आधी समोरच्याची तक्रार ऐकून घ्यायची. आबांची तक्रार एका वाक्याची होती.

"दारात कचरा करत्यात ओ त्या. दुसरं काय म्हणणं न्हाय माझं."

मधू ताटाकडे बघत होता. त्याने अकरा वर्षांच्या वह्यांमधलं एक अक्षर उच्चारलं नाही. मी मात्र झोपताना खूश होतो, कारण प्रश्न कचऱ्याचा निघाला होता आणि त्यातला जाणकार घरात आलेला होता.

बुधवार, शिरोली

दुसऱ्या दिवशी आबांचा मुलगा विश्वजित मला त्याची फाउंड्री दाखवायला घेऊन गेला. तो शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याची नवी गाडी आहे, तिच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, आणि पावसाळाभर ती रस्त्यावर उभी असते कारण खळ्यात चिखल होतो. मी त्याला खलनायक समजून बसलो होतो. तो मला वाटेत मिसळ खाऊ घालून मोकळा झाला, त्यामुळे अडचण झाली.

मिसळीबद्दल एकच सांगतो. मी तिथल्या मालकाला म्हणालो, आमच्याकडे मिसळीत पोहे घालतात. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कटाचं भांडं आणून माझ्या वाटीत ओतलं. बहुधा ते औषध म्हणून होतं.

फाउंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. तीच वाळू पुन्हापुन्हा वापरतात, शेवटी ती जळून काळी पडते आणि कामातून जाते. मागच्या बाजूला तिचा ढीग होता, दोन मजल्यांएवढा. विश्वजित अभिमानाने म्हणाला, ही फुकट मिळते, भरावाला झकास, शुक्रवारी सकाळी एक डंपर आपल्याकडे. मी ढिगाकडे पाहिलं. माणसांनीही आपला कचरा दारापासून लांब नेऊन टाकायची सोय केली होती म्हणायची, फक्त तो दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची.

परतताना मी त्याला मुंग्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, काकांचं मला वाईट वाटतंय, पण काका एक शब्द बोलत न्हाईत, मग मी काय समजायचं. हे खरं होतं. पुढे तो म्हणाला की मुंग्या काय, दुसरीकडे जातील. हेही त्याला खरंच वाटत होतं. मी संध्याकाळी मधूला विचारलं. तो म्हणाला, जुनी राणी खोल खाली असते, वर फरशी पडली की संपलं.

त्या संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. तासभर असा कोसळला की खळ्यात पाण्याचे ओहोळ झाले. मधू दारात उभा राहून बिळाच्या दिशेने बघत होता. पहिली सर पडायच्या आधीच त्यांनी भोक आतून खड्यांनी बंद केलं होतं, असं त्याने मला दोनदा सांगितलं.

गुरुवार, खळं

गुरुवारी लख्ख ऊन पडलं. मधू सकाळीच बँकेत गेला. नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा. आपण जिवंत आहोत असं त्याला खिडकीपलीकडच्या माणसाला पटवायचं होतं. त्या वास लावलेल्या मुंगीची मला आठवण झाली. तिला निदान अंगठा लावावा लागला नव्हता.

जाताना तो म्हणाला, आज बिळाकडे लक्ष ठेव, आज बघण्यासारखं असेल. काय ते सांगितलं नाही. मास्तरांची ही खोड असते, उत्तर मुलांनी शोधायचं.

दहाच्या सुमाराला मी खळ्यात गेलो आणि थक्क झालो. मंगळवारची सगळी शिस्त कोलमडली होती. फोलपटांचा ढीग पावसाने विस्कटला होता, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे भोकाभोवती चारी बाजूंना वीतभर अंतरात काहीबाही पसरलं होतं. तपकिरी, ओलसर, किडूकमिडूक. मुंग्या आतून आणखी आणून टाकतच होत्या. दारात, अगदी उंबऱ्यावर. मला आमच्या सोसायटीतला जिना आठवला. पाऊस झाला, यंत्रणा ढासळली, आणि कामगार मिळेल तिथे टाकत सुटले. याचा मला सात वर्षांचा अनुभव आहे.

आबांची तक्रार एकच होती, कचरा. शुक्रवार उद्यावर आला होता. आबांनी दुपारी येऊन बघावं आणि बिळाचं दार आरशासारखं दिसावं, मग मी दोन शब्द बोलावेत, असा बेत माझ्या डोक्यात तयार झाला. गोठ्याजवळ खराटा होता. मी तो घेतला आणि कामाला लागलो. भोकाभोवतीचं सगळं झाडलं, जुना ढीगही उचलला, घमेल्यात भरलं आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन ओतलं. मुंग्या खराट्यावर चढत होत्या, त्या झटकल्या. शेवटी धूळ बसावी म्हणून तांब्याभर पाण्याचा सडाही टाकला. सात वर्षांत पहिल्यांदा मी कचऱ्याबद्दल भाषण न करता कचरा उचलला होता.

मधू आला. त्याने टाकीपाशी उभं राहून बिळाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खराट्याकडे. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वर्गात सांगावं तसं सांगितलं. पाऊस आत मुरला की कोठारातलं धान्य भिजतं. भिजलं तर मोड येतात, बुरशी येते, हिवाळ्याचा साठा जातो. म्हणून ऊन पडलं की त्या सगळं धान्य वर आणून दारात पसरतात आणि वाळलं की परत आत नेतात. वर्षातून एखाद वेळी दिसतं ते.

"ते वाळवण होतं," मधू म्हणाला.

ओलं काय, सुकं काय, ठेवायचं काय आणि टाकायचं काय, हे सात वर्षं लोकांना शिकवणारा माणूस मी. त्या दिवशी मला मनापासून लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आबा तोवर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी आवाज चढवला नाही.

"पावणं, दुसऱ्याच्या खळ्यावरचं धान्य उचलायला तुमच्या पुण्यात काय म्हणत्यात?"

मी म्हणालो, मला वाटलं कचरा आहे. ते म्हणाले, मलाबी त्योच वाटतोय की अकरा वर्षं, पर मी हात लावला न्हाय.

दुपारभर मधू आणि मी चाळण घेऊन उकिरड्यावर बसलो. शेणातून मोहरीपेक्षा बारीक दाणा वेगळा करता येत नाही, हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो. मालकिणीने पदराआडून वाटीभर नाचणी आणून दिली. ती मधूने बिळापासून हातभरावर पसरली. एकाही मुंगीने तिच्याकडे पाहिलं नाही. चारच्या सुमाराला भोक आतून बंद झालं.

शुक्रवार, डंपर

सकाळी आठला डंपर आला. काळ्या वाळूने भरलेला, मागे टपटप पाणी गळतंय. रोज या वेळेला टेहळ्या बाहेर आलेल्या असतात. भोक बंदच होतं. आमची नाचणी होती तिथेच होती. मधू उजाडल्यापासून वही मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याने तारखेपुढे काहीही लिहिलेलं नव्हतं.

विश्वजित ड्रायव्हरला जागा दाखवायला लागला. मी भाषणाची जुळवाजुळव केली. सन्माननीय, बंधुभगिनींनो, वगैरे. ते मनातच राहिलं, कारण ज्यांची बाजू मांडायची त्यांचं हिवाळ्याचं धान्य मीच शेणात घातलं होतं. बोलला तो मधू. उठून उभा राहिला, वही दोन्ही हातांनी धरली होती.

"आबा, बिळाचं तोंड उघडूस्तोवर थांब. एवढंच मागतोय."

आबांनी भावाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला असं वाटलं की गेल्या कित्येक वर्षांत मधूने त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. त्यांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं. विश्वजित म्हणाला, आबा, त्याला दुसरी खेप हाय. आबा म्हणाले, च्या पाज त्याला. आणि स्वतः धोतर सावरून मधूशेजारी उकिडवे बसले.

ज्यांनी कधी डंपर थांबवून मुंगीची वाट पाहिली नाही, त्यांना ती वेळ कशी जाते ते सांगता येणार नाही. नऊ वाजले. ड्रायव्हरही चहाचा कप घेऊन येऊन बसला. पाच पुरुष एका भोकाभोवती. विश्वजित फोन बघत होता, नंतर तोही बघेनासा झाला. साडेनऊच्या पुढे एक खडा हलला. मग दुसरा. भोक उघडलं.

टेहळी नव्हती. एक मुंगी तोंडात काहीतरी घेऊन बाहेर आली आणि जिथे त्यांचा ढीग असायचा तिकडे निघाली. तिथे आता काहीच नव्हतं, मी आरशासारखं केलं होतं. ती त्या मोकळ्या जागेत फिरत राहिली. पुढे जाई, परत येई, पुन्हा जाई. ओझं खाली ठेवेना. तिच्यामागून आणखी एक आली, तिच्याही तोंडात तसंच.

"काय न्हेतीया ती?" आबांनी विचारलं.

"मेलेली हाय," मधू म्हणाला. "कालच्यातली."

माझ्या खराट्याखालची, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

पहिल्या मुंगीने शेवटी कुठेतरी मधोमध ओझं ठेवलं. दुसरीने येऊन तिच्या शेजारी ठेवलं. आबा बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, गाडी फिरीव.

विश्वजित उभाच राहिला. त्याने विचारलं, आता काय झालं. आबांचा आवाज नेहमीच्या उंचीवर परत आला.

"मयत हाय त्यांच्यात. मयताच्या दारात माती टाकत्यात व्हय रं? तेरावं हुईस्तोवर काय काम न्हाय हितं."

विश्वजितने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. मुंग्यांना सुतक असतं का, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, पण विचारायची त्याची छाती झाली नाही. तेवढ्यात ड्रायव्हरनेच मान हलवली आणि म्हणाला, बरोबर हाय आबांचं, आमच्या गल्लीत बी मयत झालं की कोण खिळा ठोकत न्हाय. डंपर उसामधल्या रस्त्याने उलटा गेला. मधू पुन्हा खाली बसला होता आणि वहीत लिहीत होता.

दुपारी मी निघालो. मालकिणीने गुळाची ढेप आणि कागदात बांधलेला खर्डा दिला, आबांनी फाट्यापर्यंत स्वतः सोडलं.  मी गाडीत चढताना म्हणाले, परत या पावणं, पर झाडलोट करायला आमच्याकडं माणूस हाय.

पुणे

आल्यावर मी तेरा दिवस मोजत होतो. चौदाव्या दिवशी मधूला फोन करायचा धीर झाला नाही. डंपर येऊन गेला असणार असं धरून मी सांत्वनाची दोन वाक्यंही तयार ठेवली होती. परवा त्याचाच फोन आला.

तेरावं झालं त्या संध्याकाळी विश्वजितने विचारलं होतं, आता बोलवू का गाडी. आबा म्हणाले, कालच आणखी एक गेलीया, सुतक कुठं फिटलंय. मधू मला म्हणाला, एवढ्या मोठ्या बिळात रोज एखाददुसरी मरतेच, त्यामुळे हिशोब केलास तर हे सुतक कधी फिटायचंच नाही. आबा आता रोज सकाळी चहाच्या आधी चष्मा लावून बिळापाशी जाऊन बसतात, कोण गेली ते बघतात आणि आत येऊन मुलाला बातमी देतात. मुंग्यांनी टाकीच्या पलीकडे नवा ढीग लावायला सुरुवात केली आहे. आमची नाचणी त्यांनी चौथ्या दिवशी उचलली.

मी विचारलं, एखाद्या दिवशी कुणीच नाही मेली तर.

मधूने वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, मंगळवारी तसंच झालं. आम्ही दोघं तासभर बसलो होतो, एकसुद्धा मेलेली बाहेर आली नाही. मी वहीत शून्य लिहिलं. आबांनी ते वाचलं, उठले, ओसरीवर गेले आणि विश्वजितला म्हणाले, "आज दोन गेल्या."